चौदाच्या पुढची पायरी
सदर : मधली सुट्टी



आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. असा कोणता खेळ आहे, ज्यात आपण पुढं पळायचं असतं, पण चेंडू मात्र मागंच फेकायचा असतो?

डोकं खाजवू नका. आमच्या वर्गातही हे कोणाला आलं नव्हतं. एकजण मोठ्यानं ओरडला, "बाई, रस्सीखेच!" रस्सीखेचीत मागं जाणाराच जिंकतो, हे अगदी खरं. पण तिथं चेंडू कुठून आणायचा? सगळा वर्ग हसला, आणि तोही हसला.

उत्तर आहे रग्बी. आमच्या शाळेत हा खेळ कसा शिरला, ती गोष्ट मात्र कबड्डीपासून सुरू होते. आणि त्या गोष्टीत तुमच्या बाईंची एक फजितीही आहे. तीही सांगणार आहे.

आमची शाळा हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात, कयाधू नदीच्या अंगाला. पहिली ते आठवी. चार खोल्या, एक कडुलिंबाचं झाड आणि पुढं मैदान. मैदान म्हणजे कसं, की हळदीच्या दिवसांत अर्ध्या मैदानावर गावाची शिजवलेली हळद वाळत पडलेली असते आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही खेळतो. चेंडू हळदीत गेला तर आणायला जायचं नाही, हाक मारायची, हा आमचा नियम. राखण करणारी आजी तो परत फेकते. फेकताना दोन शब्दही देते, ते इथं छापण्यासारखे नसतात!

तर आमच्या आठवीत एक मुलगी आहे. "बाई, मव्हं नाव छापू नका," असं तिनं मला बजावून सांगितलंय. म्हणून आपण तिला नुसतं 'आठवीतली' म्हणू. आठवीतली उंच आहे, हाडापेरानं मजबूत आहे. चालताना ती थोडी वाकून चालते, कारण उंचीवरून तिला पोरं 'विजेचा खांब' म्हणतात. पण कबड्डीत तिनं एकदा पाय धरला, की चढाई करणारीनं देवाचं नावच घ्यावं. सातवीपासून आमच्या संघाचा सगळा भार तिच्यावर.

गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धांचा कागद आला. चौदा वर्षांखालील मुली. मी प्रवेशिका भरायला बसले. जनरल रजिस्टर उघडलं, नावांवरून बोट फिरवत आले, आणि आठवीतलीच्या जन्मतारखेवर बोट थांबलं. ती वयाच्या मर्यादेबाहेर गेली होती. किती? अवघ्या अकरा दिवसांनी!

त्याच दुपारी गावातले एक जाणते गृहस्थ शाळेत आले. माणूस वाईट नाही. शाळेच्या कामाला नेहमी धावून येतात. म्हणाले, "बाई, अकरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? प्रवेशिकेवर एकाचा दोन करायला शाई किती लागती? सगळीकडं हेच चालतंय. गावाचं नाव व्हईल, पोरीचं भलं व्हईल."

मुलांनो, खोटं कशाला सांगू? मी पेनाचं टोपण काढलं होतं.

मग मी थांबले. का थांबले, माहीत आहे? मला काही थोर विचार सुचला नव्हता. दाराशी सातवीतली एक बारकीशी मुलगी हजेरीपत्रक घेऊन उभी होती. ती माझ्या पेनाकडं बघत होती. ती त्या संघात शेवटच्या, बाराव्या नंबरला होती. आठवीतली संघात आली, तर हिचंच नाव जाणार होतं. ती काही बोलली नाही. नुसती बघत उभी राहिली. मी टोपण लावलं आणि त्या गृहस्थांना म्हटलं, "काका, नाही जमायचं मला."

आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला. गावात काहीजण म्हणाले, बाईंच्या हट्टानं हरला. आठवीतली माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी, मधल्या सुट्टीत, ती एकटीच कडुलिंबाखाली बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली,

"बाई, चौदाच्या पुढं काय असतंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे चौदा संपलं की खेळ संपला का? आता भाकरीच थापायच्या का?"

तुमच्या बाईंना भागाकार येतो, व्याकरण येतं, नकाशा काढता येतो. पण या प्रश्नाचं उत्तर पटकन देता आलं नाही. कारण माझंही असंच झालं होतं. मी दहावीपर्यंत खो-खो खेळले. खांब मारून वळण्यात आमच्या शाळेत माझ्या तोडीची कोणी नव्हती. दहावी झाली, अकरावीला दुसऱ्या गावी गेले, पुढं डी.एड. केलं, नोकरी लागली. मला 'खेळू नको' असं कोणीच म्हणालं नाही. पण पुढं काय असतं, तेही कोणी सांगितलं नाही. जिना होता. फक्त तिथला दिवा लावलेला नव्हता.

म्हणून मी ठरवलं, की हे उत्तर शोधायचंच.

त्याच सुमाराला, म्हणजे ९ आणि १० ऑगस्ट २०२५ ला, बिहारमध्ये राजगीर इथं एक स्पर्धा झाली. आशियातल्या वीस वर्षांखालील मुलामुलींची रग्बी स्पर्धा. तिच्यातला भारतीय मुलींचा खेळ मी मधल्या सुट्टीत मोबाईलवर लावला. एका मोबाईलभोवती एकतीस डोकी! मागच्यांना पुढच्यांचे केसच दिसत होते. पण आठवीतली सगळ्यांच्या वरून बघत होती. उंचीचा असाही एक फायदा असतो, बरं का.

पहिला प्रश्न तिचाच. "बाई, त्या पोरी चेंडू मागं कामून फेकायल्या?"

तर आता ऐका. रग्बीचा चेंडू गोल नसतो, लांबट असतो, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवायचा. याला म्हणतात 'ट्राय', आणि त्याचे गुण पाच. मग इंग्रजी एच अक्षरासारखे जे उंच खांब असतात, त्यांच्या मधून आडव्या दांडीवरून लाथेनं चेंडू घालवायचा. तो गेला तर आणखी दोन गुण. समोरच्यांनी नियम मोडला आणि पेनल्टी मिळाली, तर तशाच किकचे तीन गुण.

चेंडू हातानं पुढं फेकता येत नाही. बाजूला किंवा मागंच द्यायचा. म्हणजे पुढं जायचं तर स्वतः पळत जायचं. आणि आपल्याला अडवलं, की मागून येणाऱ्या मैत्रिणीवर विश्वास ठेवून चेंडू तिच्याकडं सोपवायचा. समोरचे खेळाडू चेंडूवाल्याला कमरेला, पायांना मिठी मारून खाली पाडतात. कबड्डीतली पकडच म्हणा ना. हे ऐकून आठवीतलीचे डोळे कसे चमकले, ते तुम्ही बघायला हवं होतं.

मूळ खेळात एका बाजूला पंधराजण असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा. दुसरा प्रकार सातजणांचा. त्यात सात-सात मिनिटांचे दोन डाव, की संपलं! ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून हा सातजणांचा खेळ आहे, आणि राजगीरची स्पर्धाही त्याचीच होती. तिथं आपल्या मुलींनी उझबेकिस्तानला १२-५ असं हरवून कांस्यपदक मिळवलं.

मोबाईल बंद केला, तरी आठवीतली तिथंच उभी. बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली,

"बाई, ह्या वीस वर्षांखालच्या ना? आन् अठराखालचा बी संघ असतंय?"

"असतो की. २०२१ साली भारताच्या अठरा वर्षांखालच्या मुली उझबेकिस्तानातल्या ताश्कंदला गेल्या होत्या. आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक आणलं."

तिनं पुन्हा बोटं मोजली. "मी आता चौदाची. अठराला चार वर्षं. विसाला सहा." आणि एकदम हसली. "म्हंजी मी म्हातारी नाही झाले, बाई! मी तर तिथं समद्यात बारकी हाय!"

पाहा मुलांनो, तीच मुलगी, तीच जन्मतारीख. एका यादीत अकरा दिवसांनी मोठी, आणि दुसऱ्या यादीत सगळ्यात लहान. फरक पडला तो फक्त पुढची पायरी दिसल्यामुळं.

आता मोठा संघ आहे, तर अठराचा आणि विसाचा वेगळा राष्ट्रीय संघ हवाच कशाला? सांगा पाहू.

पहिलं कारण शरीराचं. रग्बी हा अंगाला अंग भिडण्याचा खेळ. सोळा वर्षांच्या मुलीला सव्वीस वर्षांच्या खेळाडूसमोर उभं केलं, तर तिची हाडं मोडायची, आणि त्याहून आधी हिंमत मोडायची. म्हणून बरोबरीच्या वयाची गाठ घालून द्यायची.

दुसरं कारण शिकण्याचं. गावात आपण सगळ्यात चपळ असतो. राज्याच्या संघात गेलो, की आपल्यासारखे बारा निघतात. देशासाठी खेळायला गेलो, की समोरची मुलं आपल्याहून सरस निघतात. हे सगळं वयाच्या पंचविशीत पहिल्यांदा कळलं, तर माणूस गांगरून जातो. सतराव्या वर्षी कळलं, तर परत येऊन तयारी करायला वेळ असतो. परक्या देशातलं जेवण, विमान, पहिल्यांदा ऐकलेलं राष्ट्रगीत, भरल्या मैदानात झालेली हार, हे सगळं अनुभवून ठेवायची जागा म्हणजे तरुणांचा संघ.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोठ्या संघाचं काम जिंकणं. तरुण संघाचं काम दोन प्रकारचं. जिंकायचं, आणि माणूस घडवायचा. या दोन्हींत कधीकधी भांडण लागतं. समजा, मार्गदर्शकाला आजचं पदक हवंच आहे. तर तो काय करील? ज्यांची शरीरं लवकर भरली अशी मुलं निवडील आणि उशिरा वाढणाऱ्यांना घरी पाठवील. पदक मिळेलही. पण तीन वर्षांनी ती घरी पाठवलेली मुलं कुठं शोधायची?

आपल्याकडची हळद बघा ना. जूनमध्ये लावलेली हळद नऊ महिने जमिनीत असते. सहाव्या महिन्यात उपटली, तरी कंद हाताला येतो. पण रंग भरलेला नसतो. हे आपल्या वसमतच्या, कळमनुरीच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. पोरांच्या बाबतीत मात्र आपण विसरतो.

आता घडलेल्या माणसांची उदाहरणं सांगते.

भारतीय महिलांचा पंधराजणींचा संघ २०१८ साली सिंगापूरला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळला. तिथं एकही सामना जिंकता आला नाही. पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, फिलिपाईन्समधल्या मनिला शहरात आपल्या मुलींनी त्याच सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधराजणींच्या खेळातला भारताचा तो पहिला विजय. संघाची कर्णधार होती आपल्या पुण्याची वाहबिज भरुचा. सामना संपत आला होता आणि भारत एका गुणानं मागं होता. अशा वेळी पेनल्टी मिळाली. किक मारायला कोण पुढं आली? सुमित्रा नायक. तेव्हा ती वीस वर्षांचीही नव्हती. चेंडू खांबांमधून गेला आणि भारत जिंकला!

आता विचार करा. एवढ्या लहान मुलीचे पाय तेव्हा लटपटले कसे नाहीत? कारण ती आधीच अठरा वर्षांखालच्या भारतीय संघातून परदेशात खेळून आलेली होती. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातली ही मुलगी भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत शिकली. याच शाळेच्या चौदा वर्षांखालच्या मुलांनी २००७ साली लंडनला जाऊन आंतरराष्ट्रीय शालेय रग्बी स्पर्धा जिंकली होती. म्हणजे त्या शाळेत चौदाच्या पुढची पायरी बांधलेली होती, आणि वर जाणाऱ्यांना ती दिसतही होती.

आणखी एकाची गोष्ट सांगते. ती माझ्या मनात घर करून बसली आहे, कारण तिच्यात एक प्राथमिक शिक्षक आहे! दक्षिण आफ्रिकेत झ्वीडे नावाची एक गरीब वस्ती आहे. तिथं १६ जून १९९१ ला एक मुलगा जन्मला, सिया कोलिसी. आजीनं त्याला वाढवलं. घरात कधी जेवण असे, कधी नसे. त्याच्या प्राथमिक शाळेतले शिक्षक एरिक सोंगविकी हे रग्बीही शिकवत. त्यांनी त्याला मैदानावर आणलं. बाराव्या वर्षी निवड चाचणी होती, तेव्हा त्याच्याकडं खेळायची चड्डी नव्हती. तो आतल्या चड्डीवरच खेळला! त्याचा खेळ बघून एका चांगल्या शाळेनं त्याला शिष्यवृत्ती दिली. पुढं तो दक्षिण आफ्रिकेच्या वीस वर्षांखालच्या संघातून खेळला. २०१३ मध्ये मोठ्या संघात आला. २०१८ मध्ये कसोटी सामन्यात देशाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. आणि त्याच्याच कर्णधारपदाखाली दक्षिण आफ्रिकेनं २०१९ आणि २०२३ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले.

पायऱ्या मोजा. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, वीसखाली, मोठा संघ, कर्णधार. मधली एक पायरी जरी कोणी काढून घेतली असती, तरी ही गोष्ट आपल्याला ऐकायला मिळाली नसती.

वीस वर्षांखालच्या संघांची जागतिक स्पर्धा २००८ पासून सुरू झाली. पहिली चारही विजेतेपदं न्यूझीलंडनं पटकावली. २०१८ आणि २०१९ मध्ये फ्रान्स जिंकला. मग तीन वर्षं स्पर्धा झालीच नाही, आणि २०२३ मध्ये ती सुरू झाल्यावर पुन्हा फ्रान्सच! २०२४ मध्ये इंग्लंड, २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिका. पण या स्पर्धेत खेळलेल्या सगळ्यांनाच पुढं मोठ्या संघात जागा मिळत नाही, हेही सांगून ठेवते. पुष्कळजण तिथंच थांबतात. त्यांचं वाया गेलं का? मला नाही तसं वाटत. पडल्यावर कसं उठायचं आणि आपण दमलो की चेंडू दुसऱ्याकडं कसा सोपवायचा, हे शिकलेला माणूस कुठंही गेला तरी ते विसरत नाही.

आता पुन्हा त्या पेनाकडं येते.

समजा, मी त्या दिवशी एकाचा दोन केला असता. कबड्डीचा एक सामना आम्ही जिंकलो असतो. पण ती खोटी तारीख पुढं प्रत्येक कागदावर आठवीतलीच्या मागं लागली असती. बाराव्या नंबरची ती बारकी मुलगी मैदानाबाहेर बसली असती. आणि रग्बीसारख्या खेळात तर वय चोरणं म्हणजे समोरच्या लेकराच्या हाडांशी खेळणं. वय चोरणारा आपल्याला मिळालेली पायरी चढत नाही. तो दुसऱ्याच्या पायाखालची पायरी ओढून घेतो. माझ्या हातून ते होणार होतं. एका बारक्या मुलीच्या नजरेनं वाचवलं. हीच ती माझी फजिती. आता तुम्हालाही माहीत झाली.

पण 'नाही' म्हणून हात झटकले, की शिक्षकाचं काम संपत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. दार लावलं, तर दुसरं दार दाखवायला हवं. शालेय स्पर्धांत चौदानंतर सतराचा आणि त्यानंतर एकोणीसचा गट असतो. हे मला त्याच दिवशी तिला सांगता आलं असतं. मी नऊ दिवस उशीर केला.

आता कोणी म्हणेल, बाई, आपल्या हिंगोलीत रग्बी कुठलं हो? बरोबर आहे. पण फिजी नावाचा देश ऐकलाय का? पॅसिफिक महासागरातली चिमुकली बेटं. साऱ्या देशाची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास. आपल्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाख ७७ हजार होती. म्हणजे फिजी आपल्या जिल्ह्याहूनही लहान! त्या फिजीनं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रग्बीच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला ४३-७ असं लोळवून सुवर्णपदक जिंकलं. देशाच्या इतिहासातलं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक! त्यानंतरच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुन्हा सुवर्ण. तिथल्या खेड्यातली पोरं चेंडू नसला तर प्लास्टिकची बाटली घेऊन खेळतात. बाटली आपल्याकडंही आहे की!

करून पाहा : रिबनची रग्बी

नीट शिकवणारं कोणी असल्याशिवाय एकमेकांना खाली पाडायचं नाही. हा नियम आधी वाचा, मग पुढचं वाचा.

जुन्या साडीच्या हातभर लांब पट्ट्या फाडा. प्रत्येकानं दोन पट्ट्या कमरेला दोन्ही बाजूंना नुसत्या खोचायच्या. गाठ मारायची नाही. जुन्या शर्टाची बाही कापून तिच्यात चिंध्या भरा आणि दोन्ही तोंडं शिवून टाका. झाला लांबट चेंडू. सात-सातचे दोन संघ करा. चेंडू घेऊन पळणाऱ्याची एक पट्टी समोरच्यानं ओढली, की पळणाऱ्यानं थांबायचं आणि चेंडू मागच्या साथीदाराला द्यायचा. पट्टी ओढणाऱ्यानं ती लगेच परत द्यायची. सहा वेळा पट्टी गेली, की चेंडू समोरच्या संघाचा. चेंडू पुढं फेकला, तरी समोरच्या संघाचा. शेवटच्या रेषेपलीकडं चेंडू टेकवला, की ट्राय!

मुलंमुली एकत्र खेळू शकतात. आमच्याकडं तसंच खेळतात. पहिले चार दिवस सगळेजण चेंडू पुढंच फेकत होते. पाचव्या दिवशी मागं कोण उभं आहे, ते बघायची सवय लागली.

ठाऊक आहे का?

चांदीच्या रुपयांपासून बनवलेला रग्बीचा चषक! कोलकात्यात इंग्रजांचा एक रग्बी क्लब होता. १८७८ साली तो बंद पडला, तेव्हा बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी एक चषक घडवला. त्याला नागांच्या आकाराच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. या 'कलकत्ता चषका'साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून खेळतात. मात्र भारताचा स्वतःचा पुरुष संघ आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला तो १९९८ साली. चित्रपटांत दिसणारा अभिनेता राहुल बोस त्या संघात होता.

आता आठवीतलीचं पुढं काय झालं, ते विचाराल. अजून झालं काहीच नाही. आमची शाळा आठवीला संपते. नववीला तालुक्याच्या गावी जावं लागणार. तिची आजी म्हणते, "गुडघ्यावरची चड्डी घालून पोरगी खेळणार, अन् लोकं काय म्हणतील?" आई काही बोलत नाही. वडील म्हणतात, "बघू." मी दोनदा घरी जाऊन आले. तालुक्याच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना भेटले. तिथं रग्बी नाही, पण सतरा वर्षांखालच्या मुलींचा कबड्डी संघ आहे. त्यांनी तिचं नाव लिहून घेतलंय, खऱ्या जन्मतारखेसह.

काल संध्याकाळी मैदानावर हळद वाळत होती. उरलेल्या अर्ध्या भागात आठवीतली चेंडू घेऊन सुसाट पळत होती. समोर तीनजणींनी वाट अडवली. पूर्वी ती एकटीच आत घुसली असती. काल ती थांबली, मागं न बघताच तिनं चेंडू मागं सोडला, आणि तो कोणी झेलला असेल? बाराव्या नंबरच्या त्या बारकीनं! ती तिघींच्या मधून निसटली, रेषेपलीकडं गेली आणि चेंडूसकट धूळ खात पडली.

हळद राखणारी आजी पहिल्यांदाच काही न बोलता हसली.

आठवीतली ताठ उभी होती. पोक काढून नाही, अगदी ताठ.

मुलांनो, तुमच्या गावात, तुमच्या शाळेत कोणत्या इयत्तेनंतर मुलींचं खेळणं थांबतं, ते मला पोस्टकार्डावर लिहून कळवा. का थांबतं, हेही लिहा. नावं छापणार नाही, पण पत्रं सगळी वाचीन. आणि तुमच्या शाळेत एखादी 'आठवीतली' असेल, तर तिला सांगा, चौदाच्या पुढं सतरा असतं, मग अठरा असतं, एकोणीस असतं, वीस असतं.

भेटू पुढच्या मधल्या सुट्टीत.

तुमची,
बाई